थोरल्यांसमोर पाटलोण

नाना खाकरले.

ओसरीतून आत पाऊल टाकायच्या आधी खाकरायचं, हा सहादेव नानांचा नेम पुतण्या सचिनच्या जन्माच्याही आधीचा. धाकट्या भावाची, बन्सीची, बायको भागीरथीबाई या घरात आली त्या दिवशी तो सुरू झाला आणि बन्सीला जाऊन इतकी वर्षं झाली तरी थांबला नाही. खाकरणं ऐकलं की भागीरथीबाई पदर पुढे ओढायच्या, बसल्या असल्या तर उठायच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराआड व्हायच्या. थोरल्या दिरासमोर बसायचं नाही, बोलायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही. बेलापूरच्या आजूबाजूच्या वस्त्यांवर आता सुना दिरांशी राजकारणावरून तावातावाने भांडत होत्या. या दोघांनी मात्र ती रीत इतकी मनापासून पाळली होती की आता ती सोडायची कशी, हेच दोघांना कळत नव्हतं.

यात राग नव्हता, हे आधी सांगितलेलं बरं. नव्या पाहुण्याला वाटायचं, या दोघांत कधीतरी वाटणीवरून बिनसलं असणार. तसलं काही नव्हतं. बन्सी गेल्यावर भागीरथीबाई जिद्दीने ट्रॅक्टर चालवायला शिकल्या होत्या. पण नाना बांधावरून येताना दिसले की त्या ट्रॅक्टर बंद करून खाली उतरायच्या आणि मागच्या चाकाआड उभ्या राहायच्या. तेव्हापासून नाना खालच्या वावरात जायचं असलं की पाटाच्या कडेने लांबचा वळसा घालून जात. तिचं नांगरटीचं तास अर्ध्यात मोडू नये एवढंच कारण. घरातल्यांना वाटे, म्हाताऱ्याला डॉक्टरने चालायला सांगितलंय.

बोलणं व्हायचं ते रतनबाईंमार्फत. नाना बायकोला म्हणायचे, "सचिनच्या आईला सांग, खत उद्या येनार हाय." भागीरथीबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या राहून ते स्वच्छ ऐकत असायच्या. तरी रतनबाई वळून सांगायच्या, "भागा, खत उद्या येनार हाय." मग भागीरथीबाई हळूच म्हणायच्या, "अक्का, थोरल्यांना म्हनावं, ताडपत्री काढून ठिवते." आणि रतनबाई पुन्हा मान वळवायच्या. एवढ्या वर्षांत रतनबाईंची मान दुखायला लागली होती, आणि त्यासाठी त्या या दोघांनाच जबाबदार धरत.

तर त्या रविवारी सकाळी नाना खाकरून आत आले तेव्हा हॉल माणसांनी भरला होता. सचिन नगरहून, सावेडीतून, बायको माधुरीला आणि लेक संस्कृतीला घेऊन आला होता. संगमनेरहून ज्ञानेश्वरीही आली होती. ती नानांची एकुलती एक लेक, पेशाने शिक्षिका. त्यामुळे घरातल्या कुठल्याही बेताला आधी लाल शाई लावायची, मग वाचायचं, ही तिची पद्धत. खोलीच्या मधोमध एक भलंमोठं खोकं उघडून ठेवलं होतं आणि टीव्हीवर बर्फाचा डोंगर दिसत होता.

"नाना, बसा. हे आपलं हॉटेल," सचिन म्हणाला. शेतीच्या औजारांचं दुकान चालवून त्याच्या आवाजात एक पक्की खात्री आली होती. समोरच्याला वाटावं की घेतलंच पाहिजे. "गुलमर्ग. फेब्रुवारीत. खोलीच्या काचेतून सरळ बर्फ दिसतो. पोहायला गरम पाण्याचा तलाव. डोंगरावर न्यायला तारेवरची गाडी. आणि हे स्कीईंग."

टीव्हीवर एक माणूस पायांना लांब पट्ट्या बांधून उतारावरून सूंसूं करत खाली आला.

"त्याच्या मागं कुत्रं लागलंय का?" रतनबाईंनी विचारलं.

"मोठी आजी, तो मजेसाठी करतोय," संस्कृती म्हणाली.

"बरं, बरं. आन् खोलीत शेकायला काय हाय?"

"फायरप्लेस आहे, मोठी आई," सचिन म्हणाला. "लाकडं जाळतात."

"म्हंजी चूलच की. मंग बाजरीचं पीठ घेऊ संगं." रतनबाईंचं मत पडलं. ज्या गावात चूल आहे त्या गावाला त्या जायला तयार होत्या.

ज्ञानेश्वरीने चष्मा काढून पुसला. तिने चष्मा पुसायला घेतला की पोरं वह्या उघडतात म्हणे. "सचिन, एक विचारू का? साठी ओलांडलेल्या माणसांना मुद्दाम काश्मीरला नेऊन घसरवायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? घसरायचंच असेल तर आपल्या मोरीतही घसरता येतं. महाबळेश्वरला जाऊ. थंडी आहे, स्ट्रॉबेरी आहे, आणि रस्त्यावर बर्फ नाही."

"आत्या, तिथे शिकवायला माणूस असतो," संस्कृती म्हणाली. "आधी सपाटीवर उभं राहायला शिकवतात. नाहीतर आजींना आपण घसरगाडीत बसवू. मागून ढकलणारा असतो."

"मला ढकलायला मानूस नगं, मी आपली आपन जाईन," रतनबाई म्हणाल्या.

माधुरीने खोक्यातून एकेक कपडा काढायला सुरुवात केली. पिशवीसारखी फुगीर जाकिटं, आणि छातीपर्यंत येणाऱ्या, खांद्यावरून पट्टे घ्यायच्या जाड विजारी. तिने मागवताना सगळ्यांची मापं अंदाजानेच टाकली होती. रतनबाईंची निळी, नानांची नारिंगी, आणि एक गडद डाळिंबी. ती डाळिंबी विजार माधुरीने वर धरली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "आई, ही तुमची."

दाराआडून बांगड्यांचा आवाज आला. मग भागीरथीबाई म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं."

हॉलमध्ये सगळ्यांनी एकदमच त्या दाराकडे तोंड फिरवलं. नानांनी मात्र टीव्हीकडे बघितलं, कारण त्या दाराकडे त्यांनी कधीच बघितलं नव्हतं.

"का नाही जमायचं?" सचिनने विचारलं.

"गुरं हायती."

"गुरं शेजारचा राम बघणार आहे. त्याच्याशी बोललोय."

"गुडघं दुखत्यात."

"परवा तू शेवग्याच्या झाडावर चढली होतीस. मोठ्या आईने फोटो पाठवला."

रतनबाईंनी खिडकीबाहेर बघितलं.

"थंडी सोसत न्हाई मला," भागीरथीबाई म्हणाल्या. पण आवाज आता पडला होता.

सचिन उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. "आई, पिठाच्या डब्यावर ते चित्र कुणी चिकटवलंय?"

ते सगळ्यांना ठाऊक होतं. डेअरीच्या जुन्या कॅलेंडरावर बर्फाचा डोंगर होता. वर्ष संपल्यावर भागीरथीबाईंनी तो कापून पिठाच्या डब्यावर डकवला होता. सचिन तेव्हा शाळेत होता. एकदा पीठ घेताना तिने त्याला विचारलं होतं, हे खरंच असं असतंय का रे, का रंगवत्यात? त्याला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. बन्सीच्या आजारपणात आणि त्यानंतर या कर्त्या बाईचं सगळं वय वावरात आणि दवाखान्यात गेलं, त्यात ते चित्र पिवळं पडलं. पण तिने काढलं नाही, आणि सचिन विसरला नाही.

"माझं काय ठरलंय ते सांगतो," सचिन म्हणाला. तो आता दुकानदारासारखा बोलत नव्हता. "हे सगळं मी तुझ्यासाठी काढलंय. तू येणार नसशील तर कुणीच जायचं नाही. हॉटेलवाल्यांनी संध्याकाळपर्यंत खोल्या धरून ठेवल्यात. तोवर बघ. नाहीतर नको म्हणून कळवून टाकतो."

एवढं बोलून तो बाहेर गाडी पुसायला गेला. गाडी स्वच्छच होती.

नानांना वाईट वाटलं. पोरगं बन्सीचं असलं तरी त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेलं होतं. रागावलं की बापासारखंच काहीतरी पुसत बसायचं. त्यांनी रतनबाईंना म्हटलं, "सचिनच्या आईला विचार, नक्की काय अडचन हाय."

"भागा, काय अडचन हाय तुजी?"

"काय न्हाई अक्का. अडचन काय असायची."

"काय न्हाई म्हनती," रतनबाईंनी नानांना सांगितलं आणि मान चोळली.

थोड्या वेळाने नाना गोठ्याकडे निघाले. त्यांना विचार करायचा असला की ते गाईंमध्ये जात. गाई मधे बोलत नाहीत. कडब्याच्या गंजीजवळ आले आणि त्यांना पलीकडून हसणं ऐकू आलं. संस्कृतीचं होतं, आणि त्यात दुसरंही एक. खळखळून, धाप लागेपर्यंत हसणारं. "वाक अजून आजी, गुडघे वाकव," संस्कृती म्हणत होती. "हां, आता काठ्या मागे." काहीतरी धपकन पडलं आणि पुन्हा हसण्याची उकळी फुटली.

आणि नाना सवयीने खाकरले.

हसणं तोडल्यासारखं थांबलं. गंजीच्या कडेने एक डाळिंबी पाय, फुगीर, वर चैन लावलेला, झटकन पलीकडे ओढला गेला. मग साडी गुंडाळल्याची सळसळ, आणि संस्कृतीचा दबका आवाज, "अगं आजी, नाना तर आहेत."

नाना तिथेच उभे राहिले. त्यांना गाय बघायची होती, पण कशासाठी ते आता आठवेना. गुडघे दुखत नव्हते. थंडी सोसत होती. गुरांची सोय होती. नको होतं ते त्यांचं खाकरणं. त्या बाईला बर्फात जायचं होतं, एवढं जायचं होतं की नको नको म्हणत ती गंजीआड जाऊन पाटलोण घालून बघत होती. पण तिथे थोरला दीर असणार होता. एकाच गाडीत, एकाच टेबलावर, आणि त्या तारेवरच्या डब्यात तर समोरासमोर. थोरल्यांसमोर डोक्यावर पदर नाही आणि अंगात पाटलोण, हे तिला मरण आल्यासारखं वाटत असणार. आणि ती ते कुणाला सांगणार नव्हती, कारण सांगितलं तर थोरल्यांना वाईट वाटेल.

नाना वळून घरात आले आणि रतनबाईंना एका बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, ती माझ्यामुळं न्हाई म्हनतीय."

रतनबाईंनी कपाळाला हात लावला. "आत्ता कळलं व्हय तुमाला? मला वाटलं, पोरीनं ती विजार वर धरली तवाच कळलं असंल."

"मंग बोलली का न्हाईस?"

"मी निरोप्या हाय. दिलेला निरोप द्यायचा. न दिलेला कुठून देऊ?"

नानांनी थोडा वेळ विचार केला. मग त्यांना जे सुचलं ते त्यांना फारच साधं आणि नामी वाटलं. ते हॉलमध्ये गेले, सचिनला बाहेरून बोलावलं, आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "माझं म्हननं असं हाय. तुमी सगळी जावा. सचिनच्या आईला घिऊन जावा. मी राहतो. ऊसतोड कवा यील सांगता येत न्हाई, गुरं परक्याच्या भरवशावर कशाला. मला बर्फात काय करायचंय? मला हितंच बरं."

त्यांना वाटलं होतं, आता सगळ्यांची तोंडं उजळतील. पण घरातलं वारं भलतीकडेच फिरलं.

सचिन म्हणाला, "नाना, तुम्ही नाही तर मग कशाला?" माधुरीने हातातलं जाकीट खाली ठेवलं. आणि मघापासून महाबळेश्वरचा झेंडा घेऊन बसलेली ज्ञानेश्वरी एकदम उसळली. "म्हणजे काय? नानांना घरी ठेवून आपण बर्फात खेळायचं? नाना, तुम्ही येताय. आणि गुलमर्गलाच येताय. मी बघते कोण नाही म्हणतं ते."

"मघाशी तर तू म्हणालीस घसरायला—" सचिनने सुरुवात केली.

"मघाचं मघाशी," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आता मला राग आलाय."

रतनबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि नानांना त्याचीच भीती वाटली. नवऱ्याशिवाय त्या कधी शिर्डीलाही गेल्या नव्हत्या. गेल्या असत्या तर रस्ताभर शिव्या कुणाला दिल्या असत्या?

मग स्वयंपाकघराच्या दाराआडून उत्तर आलं. "संस्कृती, मोठ्या आजीला सांग. थोरल्यांना म्हनावं, ते न्हाई आले तर मी गाडीत पाय ठिवनार न्हाई. ज्यांनी माझं लेकरू शिकवलं त्यांना दावणीला बांधून मी मिरवायला जाऊ व्हय?"

"मोठी आजी, आजी म्हणते..." संस्कृतीने सुरुवात केली.

"आयकलं सगळ्यांनी," रतनबाई म्हणाल्या.

"तिला सांग," नाना म्हणाले, "मी खुशीनं राहतोय. तिनं मनात काय आनू नये."

"थोरल्यांना म्हनावं, मी पन खुशीनंच राहतीय."

"सचिनच्या आईला म्हनावं, हट्ट नको."

"अक्का, त्यांना म्हनावं, हट्ट कोन करतंय ते बघा."

भिंत एक, माणसं दोन, आणि मधे रतनबाई. त्यांनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. मग त्यांनी मान चोळली, पदर खोचला आणि खुर्चीवर अशा बसल्या की आता ही बाई संध्याकाळपर्यंत उठत नाही, हे सगळ्यांना कळलं.

"बास झालं," त्या म्हणाल्या. "आजपासनं मी निरोप न्यायची न्हाई. संस्कृती, तू बी न्यायचा न्हाईस. एवढी वरसं नेलं मी. खताचा नेला, बियान्याचा नेला. बन्सी भावजी गेले त्या दिवशी तिचं रडनं बी मीच ह्यांना सांगितलं आन् ह्यांचं रडनं तिला. दोगं एका छपराखाली रडत हुते, आन् मी मधी मान हालवीत. आता ज्याचं त्यानं बघावं. तोंडं हायती दोघांना."

रतनबाई नेहमी हसतखेळत टोचून बोलायच्या. आता त्या तसं बोलत नव्हत्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांना त्याचा रागही आला होता.

जेवणं झाली. पिठलं, भाकरी, ठेचा. संस्कृतीसाठी केलेला शिरा कुणी मागून घेतला नाही. भागीरथीबाईंनी नेहमीप्रमाणे आतून वाढलं आणि माधुरीने बाहेर आणून दिलं. नानांना मीठ हवं होतं. त्यांनी सवयीने रतनबाईंकडे बघितलं. रतनबाई छताकडे बघत होत्या. नानांनी अळणी पिठलं खाल्लं.

जेवण झाल्यावर सचिन अंगणात फोन घेऊन येरझाऱ्या घालू लागला. सून आणि लेक भांडी आवरायला गेल्या. भागीरथीबाई मागच्या पडवीत हरभऱ्याची भाजी खुडायला बसल्या. नाना आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

खाटेवर नारिंगी विजार पडली होती. माधुरीने प्रत्येकाच्या खाटेवर ज्याची त्याची ठेवून दिली होती, राग असो लोभ असो. नाना तिच्याकडे बघत बसले. त्यांनी आयुष्यात कधी पाटलोण घातली नव्हती. शाळेत अर्धी चड्डी, मग धोतर. सचिनच्या लग्नात सगळ्यांनी सुटाचा आग्रह केला तेव्हा ते चिडून मांडवातून निघून गेले होते, आणि ज्ञानेश्वरीने अर्ध्या वाटेवरून हाताला धरून परत आणलं होतं. पाटलोण घातलेला सहादेव हा त्यांना स्वतःलाच परका वाटला असता. लोकांनी बघितला तर? बाहेरच्या लोकांचं एक वेळ चाललं असतं. पण घरातल्या सुनेसमोर, धाकट्या भावजयीसमोर? नुसत्या विचाराने त्यांचे कान तापले.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तिचेही कान असेच तापले असणार.

तिला लाज वाटते ती आपण कमी करू शकत नाही. तिला बोलून सांगायचं तर आपल्याला बोलता येत नाही, आणि निरोप्या संपावर बसलाय. पण आपली लाज तिच्यासमोर मांडता येते. एवढं तर करता येतं. नानांना हे इतकं नीट शब्दांत सुचलं नसेल. त्यांनी फक्त धोतर सोडलं आणि खाटेवर बसून एक पाय त्या नारिंगी बोगद्यात घातला.

हे काम ऊस बांधण्यापेक्षा अवघड निघालं. कुठे चैन होती, कुठे चिकटणाऱ्या पट्ट्या होत्या, त्या ओढल्या की कापड फाटल्यासारखा आवाज यायचा. ज्या बाजूला नाडी असायला पाहिजे तिथे नाडीच नव्हती. खांद्यावरचे पट्टे हाताला लागेनात. शेवटी त्यांनी ते कसेबसे ओढून अडकवले, पोट आत घेतलं, अंगातला सदरा आत खोचला आणि डोक्यावर टोपी नीट बसवली. टोपीशिवाय बाहेर जाणं बरं दिसलं नसतं.

दार उघडून ते बाहेर आले. मागच्या पडवीच्या दाराशी आले. घशाशी खाकरणं आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

पडवीत सगळ्या बायका होत्या. भागीरथीबाई सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या, बाजूला माधुरी, ज्ञानेश्वरी भांडी पुसत होती, संस्कृती पायरीवर, आणि रतनबाई खुर्ची सरकवून उन्हात. नाना दारात उभे राहिले. ज्ञानेश्वरीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. माधुरीने ओठ दाबून तोंड फिरवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. संस्कृतीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

विजारीचा छातीवर यायचा भाग नानांच्या पाठीवर होता. पुढे पोटावर दोन पट्टे कसेतरी फुली मारून अडकवले होते, आणि जिथे सपाट असायला पाहिजे तिथे मागे बसण्यासाठी सैल शिवलेली मोठी पिशवी लोंबत होती. नानांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते ताठ उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. ते सगळ्यांकडे बघत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा ते सरळ भागीरथीबाईंकडे बघत होते.

भागीरथीबाई दचकून उठल्या. सूप खाली पडलं, भाजी पसरली. हात पदराकडे गेला आणि पाय दाराआड व्हायला निघाले. पण दारात तर नानाच उभे होते. जायला जागाच नव्हती. त्यांनी रतनबाईंकडे बघितलं. रतनबाई उन्हात डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांच्या पापण्या थरथरत होत्या.

नानांना सांगायचं कुणी? लेक सांगू शकत होती, नात सांगू शकत होती. पण सगळ्यांना कळलं होतं की हे त्यांनी सांगायचं नाही. नाना तसेच उभे होते. त्यांना वाटलं, चुकलं आपलं. पाय मागे घ्यावा असं त्यांना फार वाटलं. पण ते हलले नाहीत.

"नाना," भागीरथीबाई म्हणाल्या.

त्या घरात सगळेच त्यांना नाना म्हणत. तिने पहिल्यांदाच म्हटलं. आवाज इतका बारीक होता की तिला खाकरायला लागलं, आणि ती खरोखरच खाकरली.

"नाना, उलटं घातलंय."

नानांनी खाली बघितलं. पोटावरच्या फुलीला हात लावला. पाठीमागे हात नेऊन चाचपलं. "व्हय का?"

"व्हय. तो मोठा भाग छातीवर येतो."

"मला वाटलं पाठीला थंडी लागू नये म्हनून दिलाय," नाना म्हणाले. हे ते तिलाच म्हणाले, मधे कुणाकडेही मान न वळवता. "तुला सरळ घालता येतं?"

"येतं. सकाळी घालून बघितलं." आणि तिने हात पदरावरून खाली घेतला. "तो डाव्या बाजूचा पट्टा आधी सोडा. तो न्हाई, त्याच्या वरचा. हां. असा वडला की सुटतो."

नानांनी ओढला. चर्रर्र असा मोठा आवाज झाला, नाना दचकले, आणि भागीरथीबाई हसल्या. आधी ओठांतल्या ओठांत, मग आवरेना, मग पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं नानांनी ते हसणं भिंतीपलीकडून, गंजीपलीकडून ऐकलं होतं आणि दर वेळी त्यांच्या पायरवाने ते थांबलं होतं. या वेळी ते त्यांच्या समोर होतं आणि थांबत नव्हतं. बन्सी या हसण्यावर एवढा का भाळला होता, ते नानांना आज कळलं.

"सचिन," त्यांनी अंगणात हाक दिली. एका हाताने ते सुटलेली विजार सावरत होते. "फोन ठिव तो खाली. सगळी जानार हाय आपन."